ग्लेनकोलमकिल : एका आयरिश खेड्याचा ताळेबंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, समोर बसलेले माझे ज्येष्ठ मित्र, महिला मंडळाच्या सर्व भगिनी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या कठड्यावर बसलेली आमची तरुण मंडळी,

कमिटीने मला सांगितलं, "काका, पंचवीस वर्षं झाली, काहीतरी बोला." विषय मात्र माझ्यावर सोडला. आपल्या सोसायटीचा इतिहास स्मरणिकेत इतरत्र येणारच आहे. तेव्हा मी आज तुम्हाला आयर्लंडमधल्या एका खेड्यात नेणार आहे. "रौप्यमहोत्सव आपला आणि भाषण आयर्लंडवर?" अशी कुजबुज मला इथपर्यंत ऐकू येते आहे. पण शेवटापर्यंत थांबा. बँकेतल्या माणसाला हिशेब लावल्याशिवाय उठता येत नाही.

आयर्लंड म्हटलं की आपल्याला आता वराडकर आठवतात. मालवणजवळच्या वराड गावचे डॉक्टर तिकडे गेले आणि त्यांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ साली त्या देशाचे पंतप्रधान झाले. आमचा संबंध एवढा मोठा नाही. आमचा मुलगा वायव्येकडच्या डोनेगल परगण्यात, लेटरकेनी नावाच्या गावात नोकरीला आहे. दोन उन्हाळे आम्ही उभयता त्याच्याकडे राहून आलो. तिथून गाडीने दीड-पावणेदोन तासांवर, एक वळणावळणाचा घाट उतरून गेलं की समुद्राच्या काठाशी एक खोरं लागतं. त्याचं नाव ग्लेनकोलमकिल, म्हणजे कोलमकिलचं खोरं. कोलमकिल हे सहाव्या शतकातले संत. इसवी सन ५२१ साली डोनेगलमध्येच जन्मले आणि ५९७ साली स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर वारले. नावाचा अर्थ 'चर्चचं कबूतर'.

खोरं कसलं, तर तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला अटलांटिक. झाडं फार नाहीत. वारा असा की माणसाने बोललेलं वाक्य दुसऱ्या माणसापर्यंत पोचायच्या आत उडून जावं. दगडी गडग्यांनी आखलेली लहान लहान शेतं, मेंढ्या, आणि अधूनमधून काळी दलदलीची जमीन. ही जमीन कापून तिच्या विटा काढतात, उन्हा-वाऱ्यात वाळवतात आणि चुलीत जाळतात. त्याला ते टर्फ म्हणतात. आपल्याकडे गोवऱ्या, तसं त्यांचं ते. वास वेगळा, पण मायेचा.

आता हे खोरं जुनं किती? जवळच मॅलिन मोर इथे मोठमोठ्या शिळा उभ्या करून बांधलेली दफनस्थळं आहेत, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. त्यानंतर ख्रिस्ती धर्म आला, त्या काळातले कोरीव नक्षीचे उभे दगड खोऱ्यात ठिकठिकाणी आहेत. दर वर्षी ९ जूनला, संत कोलमकिल यांच्या पुण्यतिथीला, लोक त्या दगडांची यात्रा करतात. पंधरा थांबे, पाच-साडेपाच किलोमीटरची वाट. जुन्या रिवाजाप्रमाणे अनवाणी चालायचं, थांब्यांना उजवीकडून प्रदक्षिणा घालायच्या, प्रार्थना म्हणायची. आमच्या सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "मग आपल्यापेक्षा वेगळं काय?" मला उत्तर सुचलं नाही.

म्हणजे वारशाची इथे वाण नाही. वाण होती ती माणसांची. ती कथा आता सांगतो.

१८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांहून अधिक होती. गरीब माणसाचं सगळं पोट बटाट्यावर. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, एकामागून एक पिकं कुजली. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. दुष्काळ संपला, पण जाणं थांबलं नाही. शंभर वर्षं ते चालूच राहिलं. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडची लोकसंख्या १९६१ साली जेमतेम २८ लाख उरली होती.

जाणाऱ्याला निरोप कसा देत, ते ऐका. त्यांच्याकडे माणूस वारला की शेजारीपाजारी रात्रभर मृताजवळ जागत बसतात, त्याला 'वेक' म्हणतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री तशीच जागरणाची बैठक भरायची. नाव 'अमेरिकन वेक'. गाणी, नाच, खाणंपिणं, आणि मधेच कोणीतरी हुंदका द्यायचं. कारण गेलेलं पोर पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. डोनेगलच्या उत्तर भागात मकिश डोंगराजवळ एक छोटा दगडी पूल आहे. त्याला 'अश्रूंचा पूल' म्हणतात. डेरीच्या बंदराकडे चालत निघालेल्या मुलांना घरची मंडळी तिथपर्यंत सोडायला येत. पुलावर ताटातूट. मुलं पुढे जात, आईबाप मागे फिरत.

मुलाने आम्हाला तो पूल दाखवला. आपल्यापैकी कितीजण विमानतळाच्या त्या काचेच्या दाराशी पहाटे दोन-तीन वाजता उभे राहिले आहेत, ते मला माहीत आहे. आपल्याला व्हिडिओ कॉल आहे, सहा महिन्यांनी तिकीट काढता येतं. त्यांना पत्र होतं, तेही आलं तर. म्हणून तुलना पुरी होत नाही. पण त्या पुलावर आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता उभे होतो.

आता मुख्य माणसाकडे येतो. फादर जेम्स मॅकडायर. जन्म १९१०, डोनेगलमधलाच. लंडनला काही वर्षं धर्मोपदेशक म्हणून काम, मग टोरी नावाच्या बेटावर, आणि १९५१ साली ग्लेनकोलमकिलला बदली. आल्यावर त्यांनी काय पाहिलं? गावाला वीज नाही, नळाचं पाणी नाही, पक्के रस्ते नाहीत, दवाखाना नाही आणि उद्योगधंदा नाही. या पाच उणिवांना ते गावाचे पाच शाप म्हणत. शाळेतून पोर बाहेर पडलं की थेट बोटीवर. पाद्रीबुवांनी ठरवलं असतं तर लग्नं लावली असती, अंत्यविधी केले असते आणि निवृत्त झाले असते. या गृहस्थांनी अर्ज-विनंत्यांचा धडाका लावला. आणि सरकार हलेपर्यंत स्वस्थ न बसता पहिलं काम हातात घेतलं ते गावाच्या सभागृहाचं. १९५३ साली गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने, मजुरी न घेता, काही आठवड्यांत हॉल उभा केला.

आधी हॉल का? मी बँकवाला म्हणून विचार करत राहिलो. हॉलमधून उत्पन्न ते किती येणार! पण एकत्र बसायला जागा झाली, आपण मिळून भिंत उभी करू शकतो हे लोकांना कळलं, आणि पुढची कर्जं त्या विश्वासाच्या तारणावर मिळाली. आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या नांगरटीला बैल घेऊन जातात, त्याला इर्जिक म्हणतात. आयरिश भाषेत त्यालाच 'मेहल' असा शब्द आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मॅकडायर यांनी गावाला नवीन काही शिकवलं नाही. जुनी इर्जिक नव्या कामाला जुंपली.

सहकाराची परंपरा त्या भागाला आधीपासून होतीच. डोनेगलच्या किनाऱ्यावर डन्ग्लो नावाचं गाव आहे. तिथला पॅट्रिक गॅलहर हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी सालदार म्हणून दुसऱ्याच्या शेतावर राबलेला. त्या काळी खेड्यात 'गोंबीन मॅन' असे, म्हणजे दुकानदार आणि सावकार एकाच देहात. माल उधार द्यायचा, भाव स्वतः ठरवायचा, व्याज वर लावायचं आणि माणूस जन्मभर वहीत अडकवायचा. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे खेड्यातून आलेत त्यांना ही वही वेगळी समजावून सांगायला नको. गॅलहर आणि शेजाऱ्यांनी एकत्र मिळून खत घाऊक भावात मागवलं, सावकाराच्या दरापेक्षा स्वस्त पडलं, आणि त्यातून १९०६ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. लोक त्यांना 'पॅडी द कोप' म्हणू लागले, 'कोऑपरेटिव्ह'मधला 'कोप'. ते दुकान आजही चालू आहे.

आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. म्हणजे काळ तोच, दुखणं तेच, औषधही तेच. आपली सोसायटी ज्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली आहे, तो त्याच वंशातला. पन्नास रुपयांचे पाच शेअर आपण कपाटाच्या तळाशी ठेवून विसरलो आहोत. त्या कागदाला एवढा मोठा गोतावळा आहे, हे लक्षात असू द्यावं.

तर मॅकडायर. साठच्या दशकात त्यांनी छोट्या शेतकऱ्यांना एकत्र करून भाजीपाल्याची लागवड आणि प्रक्रिया सुरू केली. हातविणीच्या लोकरी कपड्यांचा व्यवसाय उभा केला. पर्यटकांसाठी गवताने शाकारलेली छोटी घरं बांधली. आणि १९६७ साली गावाचं लोकसंग्रहालय उघडलं. त्याला ते 'फोक व्हिलेज' म्हणतात.

हे संग्रहालय म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या मनात भरलं ते हेच. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या काही झोपड्या. अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात त्या खोऱ्यातला साधा माणूस कसा राहत होता, त्याच्या हुबेहूब प्रतिकृती. बांधल्या गावकऱ्यांनी. आतलं सामान दिलं तेही गावकऱ्यांनीच, आपापल्या घरातून. भिंती जाड दगडाच्या, चुन्याने पांढऱ्या केलेल्या. छपराचं गवत वाऱ्याने उडू नये म्हणून वरून दोरखंड टाकलेले, आणि ते भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना बांधलेले. पहिल्या घरात जमीन मातीची आणि सगळा संसार एका चुलीभोवती. पुढच्या घरांत एकेक सोय वाढत जाते. फरशी येते, धुराडं येतं, मांडणीवर चिनीमातीच्या बशा दिसू लागतात. चरखा, लोणी काढायचं भांडं, टर्फ कापायचं लांब पात्याचं फावडं, बाळाचा पाळणा. राजाची तलवार नाही, सोन्याचा मुकुट नाही. एकूण एक वस्तू अशी, की एरवी ती भंगारात गेली असती.

आम्ही आत होतो तेव्हा एक आयरिश आजोबा नातवाला ते फावडं दाखवत होते. हातात न घेता, नुसत्या खांद्याच्या हालचालीने त्यांनी कापायची रीत करून दाखवली. पोरगं मोबाईल खिशात घालून बघत राहिलं. एवढंच दृश्य. पण संग्रहालयाचं तिकीट माझ्यापुरतं तिथे वसूल झालं.

वस्तू जपल्या, आणि गोष्टी? त्याही जपल्या. आयर्लंडच्या सरकारने १९३५ साली लोककथा आणि लोकरीती जमवण्यासाठी एक आयोग नेमला. ग्लेनकोलमकिलच्या शेजारच्या टीलिन गावचा शॉन ओ होही हा तरुण मासेमार त्या आयोगाचा पूर्णवेळ संग्राहक झाला आणि पुढची जवळजवळ सगळी हयात त्याने डोनेगलच्या म्हाताऱ्या माणसांच्या चुलीशी बसून ऐकण्यात घालवली. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. १९३७ ते १९३९ या काळात देशभरातल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना गृहपाठ दिला गेला : घरी जा, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. गावातल्या विहिरीचं नाव कसं पडलं? दुष्काळात आपल्या घरात काय झालं? खोकल्यावर औषध काय देत? लहानपणी कोणते खेळ खेळत? अकरा ते चौदा वर्षांची पोरं वह्या घेऊन बसली. सगळं मिळून सुमारे ७ लाख ४० हजार पानं जमली. आज ती डब्लिनच्या विद्यापीठात आहेत आणि बरीचशी इंटरनेटवर वाचता येतात. या आयोगाच्या संग्रहाला २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत स्थान मिळालं.

मुद्दा असा की म्हाताऱ्यांना कोणीतरी विचारलं. आणि विचारणारी त्यांचीच नातवंडं होती.

आता ताळेबंद मांडतो, कारण फक्त जमेची बाजू वाचून दाखवणं आमच्या धंद्यात बसत नाही.

खर्चाची बाजू आधी. भाजीपाल्याचा प्रकल्प मॅकडायर यांच्या कल्पनेप्रमाणे टिकला नाही. पुढे त्या भागात रोजगार राहिला तो मुख्यतः मासळी प्रक्रियेचा. तरुणांचं जाणं पूर्ण थांबलं, असंही झालं नाही. आजही डोनेगलची पोरं डब्लिनला, लंडनला, सिडनीला जातात. मॅकडायर १९८७ साली वारले. त्यांनी मनात धरलेलं भरलेलं गाव त्यांना पाहायला मिळालं, असं म्हणता येणार नाही.

आणि जमेची बाजू. वीज आली, पाणी आलं, रस्ते झाले. हॉल उभा राहिला. लोकसंग्रहालय अर्धशतक उलटून गेल्यावरही चालू आहे आणि गावच्याच लोकांच्या हातात आहे. १९८४ साली तिथे प्रौढांना आयरिश भाषा शिकवणारी संस्था सुरू झाली. तिचं नाव 'ओईदस गेल'. जगभरातून माणसं त्या टोकाच्या खोऱ्यात भाषा शिकायला येतात. ज्या भाषेत बोलायची तिथल्या गरिबांना एके काळी लाज वाटे, ती भाषा शिकायला लोक पैसे भरून येतात, आणि त्यावर गावातली कितीतरी घरं चार पैसे मिळवतात. गेलेल्यांची नातवंडं अमेरिकेतून येतात तेव्हा त्यांना दाखवायला पणजीची चूल जागेवर आहे. येण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे.

मी असा ताळेबंद एखाद्या शाखेचा पाहिला असता, तर काय शेरा मारला असता? व्यवसायाचं उद्दिष्ट अपुरं. ठेवी सुरक्षित. शाखा चालू ठेवण्यास योग्य.

आता आपल्याकडे येतो. मंडळी, मी मागच्या महिन्यात सहज सभासदांचं रजिस्टर घेऊन बसलो. आपल्या ४२ सदनिकांपैकी १७ घरांतली मुलं परदेशात किंवा परगावी आहेत. सहा घरांत फक्त एक माणूस राहतो. आपणही एक खोरंच आहोत म्हणा, फक्त लिफ्ट असलेलं. त्यात पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. ती आज ना उद्या मार्गी लागेल. मी त्याच्या विरोधात नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाने असूही नये. पण इमारत पाडली जाईल तेव्हा नकाशात काय नोंदलं असेल? चटई क्षेत्र, पार्किंग, कॉर्पस फंड. जिन्याखाली बसून दहावीचा अभ्यास केलेली मुलं त्यात नसतील. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात आपण टँकरपुढे लावलेली रांग नसेल. कोविडच्या काळात घरोघरी डबे पोचवणारी ही कठड्यावरची मंडळी नसतील.

आणि आपल्या आधीचं? या जागेवर ज्यांची शेती होती, त्यांची नावं जुन्या सातबाऱ्यावर आहेत. मागच्या बाजूच्या बुजवलेल्या विहिरीवर मोट चालायची, हे तळमजल्यावरच्या आजी सांगायच्या, कारण त्यांचं माहेर इथलंच. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरायचं, हे आता कोणाला विचारायचं?

म्हणून माझ्या तीन सूचना. वार्षिक सभेत ठराव म्हणून मांडणार आहे, आज फक्त कानावर घालतो.

एक. या उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावी ते नववीच्या मुलांनी प्रत्येकी एक वही घ्यावी आणि एकेका ज्येष्ठ सभासदाकडे जाऊन बसावं. स्वतःच्या घरात नाही, शेजारच्या घरात. प्रश्न मी काढून देतो : मूळ गाव, या भागात पहिलं पाऊल, तेव्हा इथे काय होतं, घरात काय शिजायचं, काय गमावलं. मोबाईलवर आवाज टिपून ठेवला तर उत्तमच. ज्यांची मुलं दूर आहेत त्यांच्याकडे आधी जा. लिहून घेणं होईल आणि चहालाही सोबत होईल.

दोन. सोसायटीची सुरुवातीची कागदपत्रं, पहिल्या सभेचं इतिवृत्त, बांधकामाचे फोटो, सातबाऱ्याचा उतारा हे सगळं आत्ता ऑफिसच्या माळ्यावर गोणपाटात आहे. त्याला वाळवी लागायच्या आत स्कॅन करून घ्यावं. हे काम मी अंगावर घेतो. बँकेत जुनी व्हाउचर्स शोधण्यात आयुष्य गेलं आहे, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

तीन. पुनर्विकासाच्या करारात एक कलम घालून घ्यावं. नव्या इमारतीत एक खोली, दहा बाय बाराची का होईना, सगळ्यांची असावी. तिच्यात या वह्या, फोटो, आणि प्रत्येक घराने दिलेली एक जुनी वस्तू. पाटा-वरवंटा, पितळी डबा, ट्रान्झिस्टर, काहीही. बिल्डरला ती खोली खर्चाची वाटेल. आपण तेव्हा एका आवाजात बोललो तरच ती मिळेल. ग्लेनकोलमकिलला हॉल मिळाला तो मागून नाही. लोक फावडी घेऊन आले म्हणून मिळाला.

पन्नासाव्या वर्षीच्या कार्यक्रमाला मी नसेन. समोरच्या दोन रांगांपैकीही बरेचजण नसतील, रागावू नका. पण कठड्यावरची मंडळी असतील, जिथे असतील तिथून येतील. तेव्हा त्यांना मुलांना दाखवायला काही असावं, एवढीच इच्छा.

वह्या मी आणून ठेवल्या आहेत. दोन डझन. कार्यक्रम संपला की माझ्याकडून घेऊन जा. बाहेर भजी तयार आहेत असा निरोप आला आहे, तेव्हा थांबतो.